७८ म्हणजे सी प्लस

निकालपत्रावर गणितापुढे ७८ होते. अमेरिकेतल्या शाळेच्या काउन्सेलरबाईंनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी लिहिलं, सी प्लस. मी खुर्चीत सावरून बसले. आमच्या गावच्या शाळेत ७५ च्या पुढे गेलं की प्राविण्य म्हणतात, आणि इथे माझ्या पोराला 'बरा आहे'च्याही खालच्या फळीवर ठेवलं होतं. बाईंची चूक नव्हती. त्यांच्या तक्त्यात ७८ ला तेच लिहिलेलं होतं.

पूर्ण मराठी माध्यमात नववीपर्यंत शिकलेला मुलगा न्यू जर्सीच्या सरकारी हायस्कूलमध्ये दहावीला घालताना परकीय भाषा, इंग्रजी आणि गणित या तिन्ही विषयांची जी उलथापालथ झाली, ती आता वर्ष सरल्यावर लिहून काढतेय. मी शोधत होते तेव्हा मला सेमी किंवा सीबीएसईवाल्यांचेच अनुभव मिळाले. मराठी माध्यमातून थेट इकडे आलेलं कुणी सापडलं नाही. अशा कुणाला हे उपयोगी पडेल.

नवरा दोन वर्षं आधी इकडे आला होता. मी आणि लेक सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, सासूबाईंजवळ. १ मे २०२३ ला नववीचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज दिला. दाखला इंग्रजीतून मागितला. राज्याबाहेर जायचं तर त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा असं शाळेच्या क्लार्कनी सांगितलं, ती दुसऱ्या खेपेला मिळाली. एका एजंटाने 'ॲपोस्टिलशिवाय (म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून घेतात त्या सरकारी शिक्क्याशिवाय) अमेरिकेत शाळा दारात उभं करत नाही' म्हणून घाबरवलं आणि पाच हजार सांगितले. मी केलं नाही. आमच्या इथल्या शाळेने ते कधी विचारलंही नाही.

चूक झाली ती निकालपत्राची. ते मराठीत होतं आणि मी तसंच आणलं. इथे त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्यावं लागलं, दोन पानांचे ५० डॉलर गेले. भाषांतर करणाऱ्या गृहस्थांनी 'स्वविकास व कलारसास्वाद' या विषयाचं इंग्रजीत काय केलं ते वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तिकडून निघण्याआधीच मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर दोन गोष्टी इंग्रजीत लिहून घ्या: सातवी ते नववीचे गुण, आणि गुणांचा अर्थ. म्हणजे पास ३५ ला, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला प्राविण्य. मी हे पत्र नंतर व्हॉट्सॲपवर मागवलं. सरांनी दोन दिवसांत शिक्का मारून पाठवलं, पण ते येईपर्यंत सी प्लसचा गोल पडून गेला होता.

९ जुलैला उतरलो. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन होती. फी शून्य, सरकारी शाळेत प्रवेशाला पैसे नाहीत. पासपोर्ट, जन्माचा दाखला, घराचा भाडेकरार, विजेचं बिल. व्हिसा कुठला हे कुणी विचारलं नाही. लसींचं मात्र काटेकोर. मेनिन्जायटिसची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, ती इथे घ्यावी लागली, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याच्या एकत्र लशीचाही एक डोस. भारतातून आलेल्या मुलांची टीबीची चाचणी मागतात. आपल्याकडे सगळ्यांना बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करतात ती चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना सांगून रक्ताची करून घ्या, एक्स-रेची दगदग वाचते. परदेशातून आलेल्या मुलाला लसींची पूर्तता करायला ३० दिवसांची मुभा असते, त्यामुळे एखादा कागद राहिला म्हणून घाबरू नका.

नोंदणीतच एक साधा वाटणारा प्रश्न असतो: घरात कोणती भाषा बोलता? मी 'मराठी' लिहिलं. देवळात भेटलेल्या एका ताईंनी नंतर कपाळावर हात मारला. "अगं, इंग्लिश लिहायचं! आता त्याला ईएसएलमध्ये टाकतील." ईएसएल म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांचा इंग्रजीचा वर्ग. ताईंचा हेतू चांगला होता. पण ज्या घरात सकाळी उठल्यापासून 'आवर रे, आवर' चालतं त्या घराची भाषा इंग्रजी कशी लिहायची?

त्या उत्तरामुळे १७ ऑगस्टला त्याची 'विडा'ची इंग्रजी चाचणी झाली. ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं, सगळं संगणकावर. १ ते ६ असे गुण, न्यू जर्सीत ४.५ च्या खाली आलं की ईएसएल. पोराला वाचनात सगळ्यात जास्त, मग लिहिण्यात, त्याहून कमी ऐकण्यात आणि सगळ्यात कमी बोलण्यात. एकूण ३.५. आकड्यांकडे नीट बघितलं तर आपली सगळी मराठी शाळा त्यात दिसते. इंग्रजीचं पुस्तक आपण वाचतो, प्रश्नोत्तरं वहीत उतरवतो, आणि तोंड उघडायची वेळ वर्षातून एकदा तोंडी परीक्षेला येते.

२४ ऑगस्टला काउन्सेलरबाईंची भेट, जिथे तो गोल पडला. इथली रचना त्यांनी शांतपणे समजावली. हायस्कूल चार वर्षांचं, नववी ते बारावी. राज्याच्या नियमाने हायस्कूल पूर्ण करायला किमान १२० क्रेडिट, वर्षभराच्या विषयाला साधारण ५. इंग्रजीचे २०, गणिताचे १५, परकीय भाषेचे ५. आणि गणितात अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री हवीच, तिसरं वर्ष त्याच्या पुढचं.

इथेच मेख होती. आपल्याकडे गणित भाग एक आणि भाग दोन, बीजगणित आणि भूमिती, दोन्ही एकाच वर्षात थोडं थोडं पुढे सरकतं. इथे अख्खं वर्ष नुसतं बीजगणित, मग अख्खं वर्ष नुसती भूमिती, मग पुन्हा बीजगणित. बाईंनी विचारलं, "याचं अल्जिब्रा वन झालंय का?" खरं उत्तर होतं, 'पाऊण'. आणि भूमितीचं विचाराल तर 'निम्मी'. पण फॉर्मवर हो किंवा नाही अशा दोनच चौकटी होत्या.

२९ ऑगस्टला गणिताची चाचणी झाली. ४० प्रश्न. घरी आला तो तोंड पाडूनच. "आई, मला येत होतं गं. पण काय विचारलंय तेच कळत नव्हतं." बहुपदी त्याला येते, पॉलिनॉमियल नाही. घातांक येतो, एक्स्पोनंट नाही. बालभारतीच्या पुस्तकात मराठी शब्दापुढे कंसात इंग्रजी शब्द दिलेले असतात, पण ते कंस कोण वाचतं? मीही कधी वाचून घेतले नव्हते. शिवाय दोन गोष्टी खरंच झाल्या नव्हत्या. वर्गसमीकरणं आपल्याकडे दहावीत येतात, इथे अल्जिब्रा वनमध्येच. आणि एफ ऑफ एक्स असं लिहितात ते फंक्शन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ४० पैकी १७ आले.

६ सप्टेंबरला शाळा उघडली तेव्हा हातात वेळापत्रक असं: रोज दोन तास ईएसएल, अल्जिब्रा वन, स्पॅनिश वन, बाकी जीवशास्त्र, इतिहास, पीटी. अल्जिब्राच्या वर्गात सगळी नववीची मुलं. पहिल्या आठवड्यात दोन चलांतली रेषीय समीकरणंसुद्धा नाही, एका चलाची. "मला पुन्हा सातवीत बसवलंय," एवढंच म्हणाला आणि डब्यातली पोळी तशीच परत आणली. सातवीचं गणित तो सातवीत मराठीत करत होता, हा एक फरक. त्याच आठवड्यात मी घाबरून ११० डॉलरचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेऊन ठेवला. तो वर्षभर लागला नाही आणि शाळेच्या ग्रंथालयात तसलेच उसने मिळतात. आधी विचारा, मग विकत घ्या.

१५ सप्टेंबरला ईएसएलचं अधिकृत पत्र आलं. चाचणीचे गुण, वर्गाचं स्वरूप, आणि खाली एक ओळ: पालकांना ही सेवा नाकारण्याचा अधिकार आहे. नवऱ्याचा पेन तयार होता. "ट्रान्स्क्रिप्टवर ईएसएल दिसलं तर कॉलेजवाले काय म्हणतील?" (ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या वर्षांच्या गुणांचा उतारा.) खरं सांगते, सहीसाठी माझाही हात पुढे गेला होता. त्यात अभिमान होता, दुसरं काही नाही. मग म्हटलं, नाकारायचं तर निदान काय नाकारतोय ते ईएसएलच्या बाईंना विचारू. शाळेला फोन करून दुभाषा मागितला. हा आपला हक्क आहे, शाळा फुकट देते. मात्र आधी हिंदीचा दुभाषा जोडला. मी मराठीच हवा म्हटलं, अकरा मिनिटं थांबले, आणि मग पलीकडून "नमस्कार ताई" आलं. त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की मी मूळ प्रश्नच विसरले.

ईएसएलच्या बाईंनी सांगितलं त्यातलं कामाचं एवढंच: आमच्या शाळेत ईएसएलच्या तासांचे क्रेडिट इंग्रजीच्या २० मध्ये धरले जातात, म्हणजे वर्ष वाया जात नाही. आणि ईएसएलमध्ये नाव असलेल्या मुलाला बाकीच्या विषयांच्या परीक्षेतही जादा वेळ आणि शब्दाला शब्द देणारी द्विभाषिक यादी वापरता येते. मी पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. नवरा दोन दिवस गप्प होता, मग पोरानेच सांगितलं की शाळेत त्या एकाच वर्गात तो बोलतो. दोन मुलं ग्वाटेमालाची, एक मुलगी इजिप्तची, सगळ्यांचं इंग्रजी सारखंच अडखळणारं. तिथे कुणी कुणाला हसत नाही.

गणितासाठी मी वेगळा मार्ग धरला. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं सगळ्या माध्यमांत मोफत मिळतात, आणि मराठी माध्यमाचं गणिताचं पुस्तक आणि इंग्रजी माध्यमाचं हे धडा न् धडा तेच असतं. आठवी आणि नववीच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका छापल्या. इथल्या अल्जिब्रा वन आणि जॉमेट्रीचा अभ्यासक्रम शाळेच्या संकेतस्थळावरून काढला. दोन्ही शेजारी ठेवून झालेल्यावर हिरवी आणि न झालेल्यावर लाल खूण केली. वर्गसमीकरणं आणि फंक्शनवर मी स्वतःच लाल केलं. झालं नाही ते लपवलं नाही, म्हणूनच बहुधा बाकीच्यावर शाळेने विश्वास ठेवला. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं आणि शाळेला ईमेल पाठवला. भेट मिळाली १९ सप्टेंबरची. गणेश चतुर्थी! सकाळी सातला प्रतिष्ठापना, अकरा मोदक कसेबसे, आणि नऊला शाळेच्या ऑफिसात. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, शेजारच्या तेलुगू वहिनींनी सोडलं.

विषय बदलायची मुदत शाळेत ठरलेली असते, आमच्याकडे सप्टेंबरअखेर. ही तारीख पहिल्याच दिवशी विचारून घ्या, ती आपणहून कुणी सांगत नाही. गणिताच्या विभागप्रमुख म्हणाल्या, "त्याची पुन्हा चाचणी घेते, या वेळी शब्दांची यादी जवळ ठेवू दे."

यादी कुठून आणायची? छापील मराठी-इंग्रजी गणिताची यादी त्यांच्याकडे नव्हती, स्पॅनिशची होती. तीन रात्री बसून आम्ही दोघांनी वही केली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, फक्त शब्द, व्याख्या नाही, कारण व्याख्या चालत नाही. समरूप, एकरूप, विशालकोन, समद्विभुज, चल, सहगुणक. समलंब चौकोनाला आपल्या इंग्रजी पुस्तकात ट्रॅपेझियम म्हणतात आणि इथे ट्रॅपेझॉइड, त्यावर एक रात्र गेली. सगळ्यात मजा आली 'व्हर्टिकल अँगल्स'ला. शब्दकोशात व्हर्टिकल म्हणजे उभा. पोरगा उभे कोन शोधत बसला होता. आकृती बघितली तर ते आपले विरुद्ध कोन, आडवे-उभे कसेही असोत. "एवढंच होय!" म्हणाला, आणि त्या 'एवढंच होय'मध्ये त्याचा आधीचा आवाज मला दोन महिन्यांनी ऐकू आला. वहीत १६० शब्द झाले.

२२ सप्टेंबरला पुन्हा चाचणी, ४० पैकी ३१. चुकलेले बहुतेक लाल खुणांमधले. २७ तारखेपासून त्याला जॉमेट्रीत बसवलं, एका अटीवर: अल्जिब्रा वनचा उरलेला भाग वर्षभरात पुरा करायचा. जॉमेट्रीत तो पहिल्या दिवसापासून रमला, कारण सिद्धता. इथे दोन रकाने काढतात, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. पक्ष, साध्य, सिद्धता घोटून आलेल्या मुलाला हे घरच्यासारखं होतं. वर्गातल्या बाकीच्यांना तोच भाग जड जात होता.

पण अट पुरी करायला वेळ कुठून आणायचा? दिवसात आठ तास, आठही भरलेले. इथे तिसरा विषय कामी आला. परकीय भाषेच्या ५ क्रेडिटांऐवजी त्या भाषेतलं प्राविण्य सिद्ध केलं तरी न्यू जर्सीत चालतं, आणि ती भाषा शाळेत शिकवली जाणारीच हवी असं नाही. मी १९ तारखेच्या भेटीतच विचारलं होतं, मराठी चालेल का? बाईंनी स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. तीन आठवडे उत्तर नाही. दोनदा आठवण केली, नम्रपणे, प्रत्येक वेळी जुन्या ईमेलखालीच, म्हणजे तारखा दिसत राहतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं की 'अव्हांट' नावाच्या संस्थेच्या 'स्टॅम्प' या भाषेतलं प्राविण्य मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये मराठी आहे. फी शाळेने भरली. सगळ्या शाळा भरत नाहीत, विचारून घ्या.

मराठी ती काय परीक्षा, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण लिहायचं ते संगणकावर, आणि पोराने आयुष्यात देवनागरी टाइप केलेली नव्हती. मोबाइलवर 'kay kartoys' असं रोमन लिपीत लिहिणारी ही पिढी. जोडाक्षरं, रफार, 'ज्ञ' कुठून आणायचा, यावर आठवडाभर सराव केला. सराव म्हणून आजीला रोज एक पत्र टाइप करायचं. आजीला ते इतकं आवडलं की परीक्षा झाल्यावर "पत्रं का थांबली?" म्हणून फोन आला. १९ ऑक्टोबरला परीक्षा. बोलण्याच्या भागात प्रश्न ऐकून उत्तर रेकॉर्ड करायचं असतं. तुमच्या गावाबद्दल सांगा, असा काहीसा प्रश्न होता. आमचा सांगलीकर म्हणाला, "गाव चांगलं हाय, नदी हाय," आणि थांबला. घरी येऊन हे सांगितल्यावर मी डोक्याला हात लावला. इथे मोजतात ते भाषा किती विस्ताराने वापरता हे. आपली मुलं मोजकं बोलतात आणि तिथेच गुण जातात. प्रत्येक प्रश्नाला कारण, उदाहरण, पुढचा-मागचा प्रसंग जोडून बोलायला आधीच सांगा.

६ नोव्हेंबरला निकाल. लिहिण्यात बोलण्यापेक्षा जास्त गुण! पण शाळेला हवं त्यापेक्षा दोन्ही बरेच वर. ९ आणि १० तारखेला शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी, म्हणजे नेमकी वसुबारस आणि धनत्रयोदशी, त्यात कागद अडकला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, वेळापत्रकातून स्पॅनिश गेलं आणि त्या तासाला गणिताचा आधारवर्ग आला. तिथे एका शिक्षकांच्या देखरेखीखाली संगणकावर वर्गसमीकरणं आणि फंक्शन.

यात एक हळहळ राहिली. स्पॅनिशच्या बाई त्याला फार आवडत होत्या. "मला ते सोडायचं नव्हतं," असं तो डिसेंबरात म्हणाला. मी त्याला विचारलंच नव्हतं. मुदती, ईमेल, हिरव्या-लाल खुणा यांत तेवढं राहूनच गेलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये विडाची वार्षिक परीक्षा झाली, फेब्रुवारीतच पुढच्या वर्षीचे विषय निवडले. मे महिन्यात अल्जिब्रा वनची अंतिम परीक्षा देऊन अट पुरी झाली, बी मिळाला. जॉमेट्रीत ए मायनस. जूनमध्ये विडाचा निकाल आला: ४.४. एका दशांशाने पुढच्या वर्षीही ईएसएल, पण आता दोन तासांऐवजी एकच, सोबत नेहमीचं इंग्रजी. या वेळी पेन कुणी काढला नाही. सप्टेंबरपासून अल्जिब्रा टू, रसायनशास्त्र, आणि त्याने स्वतः भरून दिलेलं स्पॅनिश वन.

शब्दांच्या वहीत आता २३० च्या वर शब्द आहेत. परवा आवरताना बघितलं तर एका ठिकाणी उजवा रकाना मोकळा होता. 'फंक्शन'. ही गोष्ट तो इथेच, इंग्रजीत शिकला, मराठीत ती कधी त्याच्यासमोर आलीच नाही. मलाही आठवेना. तिकडे सकाळ व्हायची वाट बघून त्याने गणिताच्या सरांना फोन लावला.

"फलन," सर म्हणाले. "फळ देतं ना ते. अकरावीत शिकवतात. तू पुढं गेलास की रे."

त्याने लिहून घेतलं. 'ळ' का 'ल' ते दोनदा विचारून.